चातुर्मासातला लसूण

आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण शिजत नाही. हे व्रत माझं नाही, मला लसणाच्या चटणीशिवाय भाकरी गोड लागत नाही. पण सासूबाई पाळतात, आणि शाळेतून आल्यावर एका ओट्यावर दोन स्वयंपाक करायची ताकद माझ्यात नसते, म्हणून चार महिने सगळं घरच पाळतं. त्यामुळे त्या श्रावणात एका संध्याकाळी दार उघडल्याबरोबर कच्च्या लसणाचा वास नाकात शिरला, तेव्हा मी ओल्या चपला हातात धरून तशीच उंबऱ्यात उभी राहिले.

वास स्वयंपाकघरातून येत नव्हता, सासूबाईंच्या खोलीतून येत होता. बाहेरच्या खोलीत माझी मुलगी पायाखाली उशी घेऊन झोपली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी, वसईत माणिकपूरला आमच्याकडे आली होती. मी सासूबाईंचं दार ढकललं तर आतून कडी. त्यांनी दिवसाउजेडी कडी लावलेली मी कधी पाहिली नव्हती. आतून आवाज आला, कापूर कुटतेय, येते. मी शाळेत गणित शिकवते. दुसऱ्याच्या वहीतून उत्तर ढापलेल्या पोराचा आवाज कसा येतो ते मला पाठ आहे. सासूबाईंचा आवाज अगदी तसा होता.

या बाळंतपणात सासूबाईंचं एकच मागणं होतं. बाळाला अंघोळ त्या घालणार. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, अंगात तेल जिरवायचं आणि मग ऊन पाणी. माझ्या नवऱ्याला, दिराला, पुढे माझ्या मुलीला त्यांनी अशीच अंघोळ घातली होती. आता त्या ऐंशीला टेकल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते. पण नातीला दिवस गेल्याचा फोन आला तेव्हापासून त्या रोज सकाळी भिंतीला पाठ लावून पाय लांब करायचा सराव करत होत्या. पणतवंड माझ्या पायांवर न्हाणार, हे त्यांनी मजल्यावरच्या सगळ्या दारांत सांगून ठेवलं होतं. कुणी भेटलं की स्वतःच्या मांड्यांवर दोन थापा मारून सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सासूबाई चहाला आल्या त्या पाय फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत. गुडघा का, म्हणून विचारलं तर हो म्हणाल्या. खुर्चीवर टेकताना त्यांनी ओठ असा चावला की मला बघवलं नाही. त्या खोलीत परतल्या तशी मी मागोमाग आत शिरले आणि या वेळी कडी मीच लावली. पातळ वर करा, म्हणाले. त्या नाही म्हणाल्या. मग मी काही न बोलता नुसती उभी राहिले. वर्गात याचा उपयोग होतो, घरातही झाला.

मांडीच्या आतल्या बाजूने पार कमरेपर्यंत लाल गोल चकंदळं पसरली होती. कडा उठलेल्या, खवले सुटलेले, एका गोलात दुसरा गोल. आणि डाव्या मांडीवर मधोमध तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती. ते लसणाचं काम होतं. ठेचलेला लसूण फडक्यात घालून त्यांनी रात्रभर बांधून ठेवला होता.

"नायटा आहे. जाईल," त्या म्हणाल्या. "बाळ यायच्या आत जाईल."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. आषाढापासून खाज होती. आधी टाकळा झाला. पावसाळ्यात रानोमाळ उगवतो, आपण भाजी करतो, तोच. त्याचा पाला ताकात वाटून लावला. पाला कुठून आला म्हणाल तर वसईतल्याच होळी गावाहून. होळीला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची वाडी आहे. केळी, भाजी, कडेला आपोआप उगवलेला टाकळा. ती दर आठवड्याला भाजीची पिशवी पाठवायची आणि तळाशी सासूबाईंसाठी टाकळ्याची जुडी असायची. रोज माझ्याशेजारी बसून डबा खाणाऱ्या बाईने मला याचा पत्ता लागू दिला नाही. पुढे जाब विचारला तर म्हणाली, तुझ्या सासूने माझ्याकडून वचन घेतलं होतं, देवळातल्या मूर्तीसमोर उभं करून.

टाकळ्याने खाज तेवढी कमी झाली. मग करंजाचं तेल झालं. त्याने चादरींना वास लागला, जो मी पावसाळी ओलीचा समजून चादरी पुन्हा पुन्हा धूत होते. मग त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, खाजेचं मलम आणायला सांगितलं.

मी बाहेर आले तेव्हा हे पेपर वाचत होते.

"अगं, ती बोलली कुणाला सांगू नको," हे म्हणाले. "मेडिकलवाला बोलला, एकदम बेस्ट आहे, दोन दिवसांत साफ. झालं पण होतं साफ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात एक बाई अंगभर नायटा घेऊन वावरतेय, घरात पोटुशी मुलगी आहे, मुलाला माहीत, होळीच्या वाडीला माहीत, आणि मी तेवढी घरभर टॉवेल वाळत घालत हिंडतेय. मी यांच्या हातातला पेपर काढून घेतला. तो पेपर घेऊन काय करायचं हे मला सुचलं नाही, म्हणून त्याची घडी घातली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई स्टेशनच्या बाजूला बसतात. पावसाळ्यात त्यांच्याकडे अशी गर्दी असते की बाहेर जिन्यापर्यंत माणसं खाजवत उभी. त्यांनी सासूबाईंचं सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. मलमाची रिकामी ट्यूब मात्र त्यांनी दोनदा उलटीपालटी केली. याने लाली आणि खाज दबते, म्हणाल्या, माणसाला वाटतं बरं झालं, आणि बुरशी आतल्या आत मोकाट पसरते. टाकळ्याने अपाय केला नव्हता, पण इतका पसरलेला नायटा त्याच्या आवाक्यातला नव्हता. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ करायची तर खुशाल करा, पण नंतर अंग खडखडीत कोरडं हवं. लसूण, लिंबू, व्हिनेगर यांतलं काही उघड्या कातडीला लावायचं नाही. पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, लावायचं औषध दिलं आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे थांबवायचं नाही अशी तंबी दिली. टॉवेल वेगळा, कपडे वेगळे, गरम पाण्यात धुतलेले, आणि ऊन नसेल तर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री.

"आणि बाळ?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कातडी पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय नाही.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. रस्त्यावर घोटाभर पाणी होतं, रिक्षावाला मधेच थांबायचा, पुन्हा चालू करायचा. सासूबाईंचे हात मांडीवर होते, पण थापा मारत नव्हते.

मी कामाला लागले. पावसाळ्यात आमच्याकडे पायाला चिखल्या होतातच. रस्त्यातल्या पाण्यातून घरी आलं की पाय धुवायचे, जुन्या सुती फडक्याने बोटांच्या बेचक्या पुसायच्या, खोबरेल तेलात कालवलेली हळद लावायची, एवढं मीही माझ्या आईकडून शिकले होते. आता अख्ख्या घराला तीच शिस्त लागली. गॅलरीतल्या दोऱ्या काढून टाकल्या. पंख्याखाली कपडे, मग इस्त्री. चादरी, उशांचे अभ्रे, पोलकी, यांचे मोजे सुद्धा. घरात इस्त्रीची वाफ आणि कडुलिंबाच्या काढ्याचा कडू वास भरून राहिला. मैत्रिणीने आता उघडपणे पाल्याच्या जुड्या पाठवायला सुरुवात केली, तोंडाने मात्र माझ्याशी जपूनच बोलायची. आणि नायटा हटू लागला. गोलांच्या कडा बसल्या, लाली तपकिरी झाली, लसणाची जखम भरून आली. सासूबाई पुन्हा भिंतीला पाठ लावून पाय लांब करू लागल्या.

मग एका दुपारी मी मुलीची वेणी घालत होते. तिच्या मानेवर, केसांच्या खाली, एक गोल लाल कडा दिसली. रुपयाच्या नाण्याएवढी.

ती रोज दुपारी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून केसांना तेल लावून घ्यायची. मी नको म्हटलेलं होतं. दोघींनी मी शाळेत गेल्यावर चालूच ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मुलीला गोळ्या देता येणार नाहीत म्हणून सांगितलं, नुसतं वरून लावायचं औषध दिलं. घाबरू नका, म्हणाल्या. मी घाबरले होते. घाबरले की मला राग येतो, आणि राग आला की मी अगदी हळू आवाजात बोलते. घरातले माझ्या ओरडण्याला भीत नाहीत, या हळू आवाजाला भितात.

"तुमच्या मांडीवर बाळ जाणार नाही," मी सासूबाईंना म्हणाले. "बरं झालं तरी नाही. मी अंघोळीला बाई ठरवणार आहे."

मुलगी रडायला लागली. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी आपली तेलाची वाटी उचलली आणि बेसिनमध्ये नेऊन पालथी केली. मी बोलले ते मला तेव्हा बरोबर वाटलं आणि आजही त्यात फारसं चुकीचं वाटत नाही. पण त्या तेलाचे ओघळ भांड्यावरून जाताना मी बघत राहिले.

गणपती आले. आमचा दीड दिवसाचा. नैवेद्य सासूबाई सोवळ्यात करतात, त्या दिवशी स्वयंपाकघरात बाकी कुणाला पाय ठेवायची मुभा नसते. पहाटेपासून दुपारपर्यंत त्या एकट्या मोदक वळत राहिल्या. विसर्जन होऊन आठवडा जातो न जातो तोच नायटा पुन्हा पेटला. कमरेभोवती आणि मांड्यांच्या आत, जिथून हटला होता बरोबर तिथेच, पहिल्यापेक्षा लाल. मुलीला नववा लागायला थोडेच दिवस उरले होते.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पाकिटं मागितली, एकही गोळी चुकलेली नव्हती. औषध बरोबर आहे, म्हणाल्या, घरात कुठेतरी ओल आहे, ती शोधा.

मी घरी आले ती तशीच सासूबाईंच्या खोलीत. कपाट उघडलं, सगळं इस्त्रीचं. गादी उलटली, कोरडी. खिडकीचं लाकूड, भिंतीचा कोपरा, सगळ्याला हात लावून पाहिला. मग कानाशी टप् असा आवाज आला. कोपऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलेला होता, त्यात पाणी साचलं होतं. ते मीच रोज केर काढताना ओतायची. मी वर पाहिलं.

छताजवळ बांबूची दांडी आणि तिच्यावर सोवळ्याचं सुती लुगडं.

सासूबाई रोज अंघोळीनंतर ते नेसून पूजा करतात, मग देवाचा भात शिजवतात. एरवी त्या साधं गोल पातळ नेसतात, सोवळ्यात मात्र नऊवारी, काष्टा ओढून. पूजा झाली की स्वतः धुऊन पिळतात आणि काठीने वर दांडीवर टाकतात. दुसऱ्या कुणी शिवायचं नाही, इस्त्री तर दूरच. उन्हाळ्यात ते संध्याकाळपर्यंत वाळतं. वसईच्या पावसात ते जून ते सप्टेंबर वाळतच नाही. रोज सकाळी ओलं नेसायचं, ओलं वर टाकायचं. ओला काष्टा, दोन मांड्यांच्या मधे, तासन् तास.

माझा हात वर गेला आणि मधेच थांबला. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी हेच लुगडं, म्हणजे याच्या आधीचं, दांडीवरून घसरून खाली पडलं होतं आणि मी चांगुलपणाने उचलून घडी घातली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते पुन्हा धुतलं, पुन्हा अंघोळ केली, पूजा दुपारी झाली आणि सगळं घर तोवर उपाशी बसलं. कुणी मला रागावलं असतं तर मी विसरून गेले असते. त्यानंतर तीसेक वर्षं मी त्या दांडीखालून मान खाली घालूनच जात आले.

मी हात खाली घेतला आणि सासूबाईंना हाक मारली.

"हे ओलं आहे," मी म्हणाले.

"सोवळ्याचं आहे."

"ओलं आहे, आई. यानेच होतंय सगळं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्याला लाथ मारली होती. "देवाच्या कपड्याने कसं होईल?"

"देवाला नाही होत. तुम्हाला होतं."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच लुगडं नेसून पूजा केली. तिसऱ्या दिवशीही. हे म्हणाले, जाऊ दे, या वयात काय बदलणार ती. मी रेशमी सोवळं घ्या म्हटलं, ते लवकर वाळतं. त्या म्हणाल्या, किडे मारून केलेलं मी नेसत नाही. मुलगी आजीशी बोलायला गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. मी बाळाच्या अंघोळीसाठी येणाऱ्या एका बाईशी फोनवर बोलणं पक्कं केलं, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं. 

मग एका सकाळी मी शाळेत जायच्या आधी माझी साडी इस्त्री करत होते. सासूबाई अंघोळ करून आल्या, साध्या कोरड्या पातळात. हातात काठी आणि काठीवर ते लुगडं, खाली टपटप पाणी. पूजा झालेली नव्हती. त्या टेबलाशी येऊन थांबल्या. मला वाटलं वाटेतून बाजूला हो म्हणतायत, म्हणून मी भिंतीला चिकटले.

"हातात घे," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, तिथे पाटावर ठेवा, मी न शिवता काहीतरी करते. काय करणार होते देव जाणे.

"घे गं. काठी जड झाली मला."

मी घेतलं. गार होतं, जड होतं, आणि त्याला कुबट वास येत होता, जुन्या माठासारखा. इतकी वर्षं ज्याला भ्यायले ते एवढंच होतं. मला रडू फुटेल असं वाटलं म्हणून मी घाईघाईने म्हणाले, आधी गरम पाण्यात टाकते, मग मशीनमध्ये फिरवते.

"मशीनमध्ये?"

"मशीनमध्ये."

 "तुझ्या नवऱ्याच्या मोज्यांबरोबर नको," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मी पहिला तास चुकवला. पंख्याखाली ते वाळलं, मग मी त्यावर दोन्ही बाजूंनी, काठापासून काठापर्यंत इस्त्री फिरवली. दुसरं एक लुगडं आणलं, म्हणजे एक अंगावर, एक वाळत. रोज सकाळी मी गरम लुगडं त्यांच्या हातात द्यायची आणि त्या ते नेसून पूजेला बसायच्या. पहिले काही दिवस पूजेत त्या काहीतरी जास्तीचं पुटपुटत होत्या. देवाची माफी मागत असाव्यात. मी विचारलं नाही.

नवरात्रानंतर मुलगी बाळंत झाली, मुलगी झाली. मानेवरचा डाग त्याआधीच गेला होता. ठरवलेली बाई रोज सकाळी यायची आणि सासूबाई मोरीच्या दाराबाहेर स्टुलावर बसून, हात मागे धरून, तिला सूचना द्यायच्या. टाळूवर आधी तेल घाल. पाणी कोपराने बघ. मान धर. बाई वैतागून मला म्हणाली, तुमच्या आजींना दुसरं काम नाही का. मी तिला म्हणाले, हेच त्यांचं काम आहे. एकदा बाळ रडायला लागलं आणि सासूबाईंचे हात पुढे आले, मग त्यांनीच ते परत मागे नेले. ते पाहणं मला जड गेलं.

डाग गेले. दोन आठवडे औषध पुढे चालूच ठेवलं. दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पुन्हा तपासलं, चालेल म्हणाल्या. मी घरी येऊन काहीच बोलले नाही. सासूबाईंनीही बाळ मागितलं नाही. बाळ जाणार नाही असं मी म्हटलं होतं, बरं झालं तरी नाही असं म्हटलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईला फोन करून आजपासून नको म्हणून सांगितलं. मग मोरीत पाट मांडला, बादलीत ऊन पाणी काढलं आणि तेलाची वाटी भरून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी बोट बुडवून तेल कोमट आहे का ते पाहिलं. मग आत गेल्या, पाटावर बसल्या, भिंतीला पाठ लावून पाय लांब सोडले. मुलगी बाळाला घेऊन दारात आली.

"थांब," सासूबाई तिला म्हणाल्या. मग मला हाक मारली.

त्यांनी पातळ वर घेतलं, पोटऱ्यांच्या वर, गुडघ्यांच्या वर, मांड्यांपर्यंत. दाराला कडी लावून बसणारी, माझ्यापुढे आपणहून कधी घोटासुद्धा उघडा न टाकलेली बाई. कातडी सुरकुतलेली होती, डाव्या मांडीवर लसणाचा फिका व्रण होता, बाकी काही नव्हतं.

"आधी तू बघ," त्या म्हणाल्या. "चष्मा लावून नीट बघ. तू हो म्हणालीस तरच घेईन."

मी चष्मा आणायला गेले. तो माझ्या डोक्यावरच होता, पण मला जरा वेळ हवा होता. परत येऊन मी गुडघ्यावर बसले, दोन्ही मांड्यांवरून हात फिरवून पाहिला, आणि मुलीला म्हणाले, दे तिला पणजीकडे.